जावयाने पाठवलेला बदल

खानदेशात जावयाला नाही म्हणायची पद्धत नाही. त्याने पुरे म्हटलं तरी वाढायचं, त्याने गाडी चुकीच्या रस्त्याला घातली तरी मागे बसलेल्यांनी आजूबाजूच्या कपाशीबद्दल बोलत राहायचं. भूपेंद्रला हे सगळं हास्यास्पद वाटायचं. तो जळगावच्या एका कॉलेजात प्रोग्रॅमिंग शिकवायचा आणि ‘घरचं घरी, कामाचं कामाच्या जागी’ हे वाक्य स्टाफरूममध्ये आठवड्यातून एकदा तरी ऐकवायचा. असं वाक्य वारंवार म्हणणाऱ्या माणसापासून जरा जपूनच असावं.

कालव्याच्या पाण्यावर पाटकरी असतो. कुणाच्या वावरात कधी पाणी सोडायचं ते तो बघतो. भूपेंद्रने ठिबकसाठी असाच एक पाटकरी लिहिला होता, आणि त्या प्रोग्रॅमचं नावही ‘पाटकरी’च ठेवलं होतं. मोटारीच्या स्टार्टरशेजारी एक लहान पेटी बसवायची. ती पेटी एकामागून एक व्हॉल्व्ह उघडत शेताच्या प्रत्येक तुकड्याला पाणी देते. प्रोग्रॅम फुकट आणि सगळ्यांना उघडा होता. कुणीही तो वाचावा, वापरावा, काही चुकलं दिसलं तर दुरुस्ती लिहून पाठवावी. एरंडोल, धुळे, रावेर इकडच्या शेतांत त्या पेट्या होत्याच, पण केनियातला एक शिक्षकही शाळेच्या बागेसाठी तो वापरायचा आणि अधूनमधून प्रेमाने चुका काढायचा.

धुळ्याच्या देवपुरात राहणारी समीक्षा अशीच चुका काढत काढत या कामात आली. पहिल्यांदा तिने पाठवलेला बदल एका ओळीचा होता आणि त्यासोबतचं स्पष्टीकरण पानभर. भूपेंद्रला तेव्हाच कळलं की ही मुलगी आपल्यापेक्षा काळजीपूर्वक वाचते. पुढे ती त्याच्या बरोबरीने प्रकल्प सांभाळू लागली. नियमही तिनेच घालून दिले. बदल कितीही लहान असो, लिहिणाऱ्याने तो स्वतः आत घ्यायचा नाही. दुसऱ्याने वाचायचा, शंका विचारायची. शंका विचारणाऱ्याचं समाधान झालं की त्यानेच ‘मिटली’ अशी खूण करायची, आणि मगच बदल मूळ प्रोग्रॅमात घ्यायचा. या घेण्याला ते लोक मर्ज म्हणतात. भूपेंद्रने हे नियम कॉलेजातल्या पोरांना फळ्यावर लिहून दिले होते.

त्याची धाकटी बहीण दिपमाला पुण्याला दिलेली. तिचा नवरा कुंदन तिथल्या एका कंपनीत प्रोग्रॅमर होता. नवी नोकरी शोधत होता, आणि हल्ली मुलाखतीला बसलं की विचारतात, उघड्या प्रकल्पांत काय काम केलंय ते दाखवा. तेव्हा कुंदनने ‘पाटकरी’ उघडला, वाचला आणि एक बदल पाठवला. व्हॉल्व्हच्या क्रमाचा भाग फार गुंतागुंतीचा झालाय, असं त्याचं म्हणणं. पेटी सुरू झाली की पहिल्या व्हॉल्व्हपासून सुरुवात करायची आणि शेवटच्यापर्यंत जायचं, कुठवर आलो ते लक्षात ठेवायची गरज नाही. जुना पसारा काढून त्याने सुटसुटीत, देखणा प्रोग्रॅम लिहिला होता.

समीक्षाने तो वाचला आणि खाली शंका लिहिली. ‘मध्येच वीज गेली तर? वीज परत आल्यावर पेटी पुन्हा पहिल्यापासून सुरू करेल. आमच्याकडे वीज पाणी पुरं व्हायच्या आत जाते. मग शेवटच्या तुकड्यांची वेळ कधी येणार?’

शंका बरोबर होती. भूपेंद्रला ती वाचताक्षणी पटली. कुंदनने मात्र उत्तर दिलं नाही, आणि तेवढ्यात आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली.

आखाजीला लेकी माहेरी येतात. एरंडोलजवळच्या गावी भूपेंद्रच्या घरी दिपमाला आली, कुंदन आला. निंबाच्या झाडाला झोका बांधला गेला. त्याच्या आईने, कोकिळाबाईंनी, सकाळपासून मातीचं खापर चुलीवर चढवलं होतं. हातभर रुंद पुरणपोळ्या, आमरसाचं पातेलं, रसात सोडायला तूप. पंगतीत कुंदन भूपेंद्रच्या शेजारी बसला होता. बोलता बोलता भूपेंद्र सहज म्हणाला, “तुमच्या त्या बदलावर समीक्षाची एक शंका आहे, पाहिली का?”

“पाहिली,” कुंदन म्हणाला. एवढंच. अर्धी पोळी खाऊन त्याने ताटावर हात आडवा धरला, रसाची वाटी तशीच ठेवली आणि उठून आत जाऊन पडला.

पंगत थबकली. कोकिळाबाईंनी भूपेंद्रला चुलीपाशी बोलावलं.

“जवाई ताटवरथून उठी गया. काय बोलनास तू त्याले?”

“काही नाही, आई. कामाचं बोललो.”

“सणना दिन कसानं काम? तुन्हा कम्प्युटरमा त्याले जे पाहिजे व्हई ते दी टाक. आखाजीले जवाई नाराज गया तं लोके काय म्हनतीन?”

लग्नात मानपानावरून वरपक्षाची एक आत्या रुसली होती आणि तो रुसवा काढायला दोन वर्षं गेली होती. कोकिळाबाई तेव्हापासून या बाबतीत भाजलेल्या होत्या. भूपेंद्र हसला, बाहेर आला, झोक्याच्या पाटावर बसला आणि मोबाइल उघडला. दुपारचं ऊन मी म्हणत होतं. आत दिपमाला नवऱ्याला काहीतरी विचारत होती आणि त्याचा आवाज येत नव्हता. भूपेंद्रला वाटलं, एका शंकेपायी बहिणीचा सण कडू कशाला करायचा. पुढे पाहू, जुना भाग परत जोडता येईल. त्याने समीक्षाच्या शंकेखाली लिहिलं, ‘कुंदनशी बोललो. विजेची व्यवस्था झाली आहे.’ मग ती शंका मिटल्याची खूण स्वतःच केली आणि बदल आत घेतला.

तो कुंदनशी बोलला नव्हता. व्यवस्था काहीच झाली नव्हती. संध्याकाळी कुंदन उठला, चहा प्यायला, हसला, आणि सगळ्या घराचा जीव भांड्यात पडला. भूपेंद्रचाही पडला. आपण खोटं लिहिलं हे त्याला त्या वेळी ठाऊक होतं, पण ते गोड खोटं होतं आणि घरात सण होता. ‘पुढे पाहू’ हे पुढच्या आठवड्यात कॉलेजच्या परीक्षांखाली गाडलं गेलं.

नवी आवृत्ती काढायची पाळी त्या खेपेला समीक्षाची होती. तिने बदल चाळले, आपली शंका मिटलेली पाहिली, खाली भूपेंद्रभाऊंचे शब्द पाहिले. भाऊंनी लिहिलंय म्हणजे झालं असेल, असं धरून तिने आवृत्ती काढली. आवृत्तीवर काढणाऱ्याचं नाव येतं. ते तिचं आलं. शेताशेतांतल्या पेट्यांनी मोबाइलच्या इंटरनेटवरून ती आपोआप उतरवून घेतली.

लोटन आबांची पपई एरंडोलच्या पुढे, रस्त्याला लागून. फाल्गुनात लावलेली रोपं गुडघ्याएवढी झाली होती. पेटीवर भरवसा ठेवून आबा लेकीकडे सुरतेला गेले. परत आले तर विहिरीजवळच्या तुकड्यांत चिखल, रोपांच्या मुळ्या सडलेल्या, आणि लांबच्या तुकड्यांत जमिनीला भेगा. तिकडची पपई उभ्याउभ्या वाळून गेली होती. वीज यायची, पेटी पहिल्यापासून सुरू करायची, वीज जायची. परत यायची, परत पहिल्यापासून. समीक्षाने लिहिलं होतं ते अक्षर न् अक्षर शेतात घडलं होतं.

आबांनी फोटो ‘पाटकरी’ वापरणाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकले. दुपारपर्यंत ग्रुप पेटला. नवी आवृत्ती कुणी काढली ते कुणीतरी शोधून काढलं आणि समीक्षाचं नाव सगळ्यांसमोर टाकलं. मग काय, ज्याच्या पेटीला काहीच झालं नव्हतं तोही सल्ले देऊ लागला. रावेरच्या एकाने लिहिलं, ‘शहरात बसून शेती करणाऱ्यांच्या हातात हे दिलंच का?’ दुसऱ्याने लिहिलं, ‘मुलीला शिकायचं होतं तर स्वतःच्या अंगणात शिकायचं.’ कुणी म्हणालं, तिला काढा, नाहीतर आम्ही पेट्या काढतो. त्याला भराभर अंगठे आले.

भूपेंद्र कॉलेजात पेपर तपासत होता. मोबाइल एकसारखा थरथरत होता. त्याने सगळं वाचलं आणि लिहिलं, ‘तपासतो.’

तपासायला काय होतं? काय झालंय ते त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. प्रकल्पाच्या पानावर सगळं उघडं पडलेलं होतं. शंका कुणाची, मिटवली कुणी, आत घेतलं कुणी, तारखेसकट. पण शेतकरी ते पान कशाला उघडतात! त्यांना आवृत्तीवरचं नाव दिसलं, तेवढं पुरलं. भूपेंद्रने दुसरा संदेश लिहायला घेतला. ‘बदल मी’ एवढं टाइप केलं आणि पुढे काय लिहायचं? जावई जेवणावरून उठला म्हणून? तो शब्द पुसतच होता, तेवढ्यात समीक्षाचा संदेश आला.

‘आवृत्ती मी काढली होती, जबाबदारी माझी आहे. जुनी आवृत्ती परत चढवली आहे, पेट्या एकदा बंद करून चालू करा. आबा, मी उद्या शेतावर येते.’

तो वाचून भूपेंद्रला आधी सुटल्यासारखं वाटलं. मग आपल्याला सुटल्यासारखं वाटलं याचीच त्याला लाज वाटली. पेपरांवर कुणाला किती गुण दिले हे त्या दिवशी त्याला आठवलं नसतं. त्याने तिला फोन केला.

“मीपण येतो,” तो म्हणाला.

“या, भाऊ,” ती म्हणाली. मग जरा थांबली. तिला काहीतरी ऐकायचं होतं हे त्याला कळलं. तो काही बोलला नाही, तेव्हा तिने फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी ती धुळ्याहून एसटीने आली. भूपेंद्र जळगावहून मोटारसायकलने आला. लोटन आबांनी दोघांना शेत दाखवलं. ते आरडाओरडा करणारे नव्हते, म्हणून ते शेत बघणं जास्त अवघड गेलं. वाळलेलं एक रोप त्यांनी उपटलं, हातात धरलं आणि तसंच धरून चालत राहिले. बांधावर आल्यावर त्यांनी ते खाली ठेवलं आणि समीक्षाकडे वळले.

“पोरी, दुसराना वावरमा हात घालाना पहिले दहा दाव इचार कराना. आम्ही डोया झाकीसन तुम्हनावर भरवसा ठेवतस.”

“हो आबा,” समीक्षा म्हणाली. तिची मान खाली होती.

भूपेंद्र तिच्या शेजारीच उभा होता. दोघांच्या सावल्या एकाच बांधावर पडल्या होत्या. बोल, आता बोल, असं तो स्वतःला सांगत होता.  आबांनी त्याच्याकडे पाहिलं आणि वर त्यालाच समजावलं, “जाऊ दे, भूपेंद्रभाऊ. तू तिले जास्त रागावू नको. पोर शे, शिकी जाई.”

यावर तो मान हलवून बसला. खरंच मान हलवली त्याने. जणू आबांच्या शब्दाखातर तो तिला माफ करत होता.

एरंडोलच्या स्टॅंडवर तो तिला सोडायला गेला. धुळ्याची गाडी लागलेली होती. तो म्हणाला, “समीक्षा, ते मी...”

“मला माहीत आहे, भाऊ,” ती म्हणाली. “मी काल पानावर पाहिलं. तुम्ही लिहिलं होतं म्हणून मी परत तपासलं नाही, तेवढी चूक माझी आहेच. बाकीचं तुमचं तुम्ही बघा.” आवाज चढला नव्हता. ती गाडीत चढली आणि खिडकी दुसऱ्या बाजूची धरली.

घरी येऊन भूपेंद्रने आधी कुंदनला फोन लावला. शेतावर काय झालं ते सांगितलं.  मग कुंदन म्हणाला, “दादा, वीज अशी जाते हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. तिची शंका मी पाहिली होती, पुण्याला गेल्यावर दुरुस्त करणार होतो. तोवर तुम्ही ती मिटवली. मला वाटलं तुमच्याकडे काही सोय असेल.”

“पण तुम्ही त्या दिवशी ताटावरून उठलात...”

“अहो, येताना चाळीसगावला भजी खाल्ली होती. पोटात कळ आली होती. सासरी सणाच्या दिवशी कसं सांगू?”

भूपेंद्रला हसू यायला हवं होतं. आलं नाही. जो रुसलाच नव्हता त्याची समजूत काढायला त्याने एका माणसाची पपई आणि एका माणसाचं नाव घालवलं होतं. आता जावयामागे लपायलाही जागा उरली नव्हती.

मग त्याने प्रकल्पाच्या पानावर सगळं लिहिलं. इंग्रजीत, व्यवस्थित, क्रमाने. समीक्षाने शंका विचारली होती, ती बरोबर होती, मी खोटं उत्तर लिहून ती मिटवली, बदल माझ्या बहिणीच्या नवऱ्याचा होता आणि त्याला नाराज करायचं धैर्य मला झालं नाही, दोष त्याचा नाही. पुढे कुणाचेही बदल आत घेण्याचा आपला अधिकार त्याने स्वतःच काढून टाकला. चांगलं लिहिलं गेलं होतं. केनियाच्या शिक्षकाने लगेच कौतुक केलं की असा प्रामाणिकपणा विरळा. आणखी चौघापाचांनी हृदयाच्या खुणा दिल्या. भूपेंद्रला हलकं वाटू लागलं, अगदी छातीवरचा धोंडा उतरल्यासारखं.

संध्याकाळी समीक्षाचं उत्तर आलं. सगळ्या कौतुकाखाली तिची एकच ओळ होती, मराठीत.

‘आबांना सांगितलं का?’

भूपेंद्रने ती ओळ वाचली आणि त्याचे कान तापले. हे पान आबा कधी उघडणार नव्हते. ग्रुपवरच्या कुणालाही इंग्रजीतले ते परिच्छेद दिसणार नव्हते. ज्यांच्यासमोर ती मान खाली घालून उभी राहिली होती त्यांतल्या एकालाही त्याने काही सांगितलं नव्हतं. त्याने कबुली दिली होती ती सातासमुद्रापलीकडच्यांना, जिथे त्याला शाबासकी मिळणार होती.

त्याने ग्रुपवर मराठीत लिहिलं, आडपडदा न ठेवता. आणि सकाळी तो एरंडोलला गेला.

लोटन आबा वाळलेल्या तुकड्यातली रोपं काढून नवी लावायला आळी उकरत होते. ते मोबाइल घरी ठेवून शेतात येत, त्यामुळे त्यांनी काही वाचलेलं नव्हतं. भूपेंद्र आळ्याजवळ उकिडवा बसला.

“आबा, ती पोरनी चूक नव्हती. मन्ही व्हती. तिनी मले आधीच सांगेल व्हतं, वीज गयी तं पानी पोचाव नही म्हनीसन. ते काम आमना जवाईनं व्हतं. आखाजीले तो घर येल व्हता. मी तिनं न ऐकता घी लिधं, आन् तिले खोटं सांगं.”

आबांनी कुदळ टेकवली.  मग त्यांच्या चेहऱ्यावर समजूत उमटली, आपल्या माणसाची असते तशी.

“जवाईनं काम व्हतं का? मंग तू तरी काय करशी? जवाईले नही कसं म्हनानं. घरोघर तेच शे.”

भूपेंद्रला हेच नको होतं. रागावले असते तर बरं झालं असतं. आबांनी त्याला दोन वाक्यांत मोकळं केलं होतं, आणि कोकिळाबाईंनी, शेजाऱ्यांनी, अख्ख्या गावाने तसंच केलं असतं. दार उघडं होतं, त्याने फक्त बाहेर पडायचं होतं.

“नही आबा,” तो म्हणाला. “तसं म्हनू नका.”

आबा पुन्हा कुदळ उचलणार होते. मध्येच थांबले. त्यांना काहीतरी आठवलं असावं.

“मंग त्या दिन मी तिले इतलं बोलनू, ती चूप का बरं राहयनी? सांगी टाकाले काय व्हतं तिले?”

भूपेंद्रने मातीकडे पाहिलं. उत्तर त्याला स्टॅंडवरच कळलं होतं, त्याआधी फोनवरही कळलं होतं.

“मी बोलसू म्हनीसन वाट देखी राहयनी व्हती, आबा. मी शेजारेच उभा व्हतू.”

 मघाची समजूत आबांच्या चेहऱ्यावरून निघून गेली. त्यांनी कुदळ बाजूला टाकली.

“फोन लाव तिले,” ते म्हणाले.

त्यांचे हात मातीने भरलेले होते, म्हणून भूपेंद्रने नंबर लावून मोबाइल त्यांच्या कानाशी धरला. पलीकडून समीक्षाचा आवाज आला, “हं, भाऊ?”

“पोरी, मी लोटन बोली राहयनू. त्या दिन मी तुले बोलनू ते मन्हं चुकनं. मनमा ठेवू नको, माय.”

एवढं बोलायला त्यांना काहीच वेळ लागला नाही. पलीकडे समीक्षा रडायला लागली, ते भूपेंद्रला ऐकू येत होतं. आबा तिला गप्प करत होते, नवी रोपं कोणत्या नर्सरीतून आणायची ते सांगत होते, एकदा घरच्यांना घेऊन जेवायला ये म्हणत होते. भूपेंद्रचा हात भरून आला, तरी तो मोबाइल धरून उन्हात उभा राहिला, आणि बोलून झाल्यावर आबांनी त्याच्याकडे न बघता कुदळ उचलली.